झिजलेल्या नाकाचं पदक

देवस्थळी सर पदक डोळ्यांनी बघत नाहीत. डोळे मिटतात, मान जराशी वर करतात आणि उजव्या हाताचा अंगठा पदकावरून सावकाश फिरवतात, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. तेवढा वेळ दुकानात कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. पंख्याचा आवाजही चालत नाही, तो बंद करावा लागतो. गिऱ्हाईक घामाने भिजतं, मी रागाने भिजतो. मग सर डोळे उघडतात आणि एकच शब्द बोलतात.

"नापास."

उल्हासनगरात माझं ट्रॉफ्या, ढाली आणि पदकांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना. कबड्डीपासून दांडियापर्यंत माणसं ज्या ज्या गोष्टीत एकमेकांना हरवू शकतात, त्या प्रत्येक गोष्टीचं बक्षीस माझ्याकडे तयार होतं. एका मंडळाला मी 'आदर्श सासू'ची ट्रॉफीसुद्धा बनवून दिली आहे. दोन सासवांत भांडण लागलं, तेव्हा रातोरात तशीच दुसरीही दिली. माल कधी परत आला नाही असं नाही. पण परत आणणारा माणूस 'फॉल्टी आहे' म्हणतो, 'रंग गेला' म्हणतो. नापास कोणी म्हणत नाही. हा शब्द मी दहावीला ऐकला होता, अख्ख्या गल्लीदेखत. तो पुन्हा ऐकावा लागू नये, म्हणून तर मी नोकरीच्या फंदात न पडता धंद्यात उतरलो. धंद्यात माणूस बुडतो, फसतो, रस्त्यावर येतो, पण नापास होत नाही. असं मला देवस्थळी सर भेटेपर्यंत वाटत होतं.

झालं असं की विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत एक ऐतिहासिक संग्रह आहे. पूर्वीच्या काळी पदवीदान समारंभात दिलेली सोन्याची पदकं, चांदीची पदकं, मानपत्रं. बरीचशी पदकं जिंकणाऱ्यांच्या घरून परत आलेली आहेत. देवस्थळी सर या संग्रहाचे संग्रहपाल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण कुठलं पदक कोणाचं आणि कुठल्या घरातून आलं, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही, म्हणून विद्यापीठ त्यांना अजून बोलावतं आणि चाव्याही त्यांच्याकडेच असतात. विद्यापीठाने ठरवलं, की खरं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचं आणि काचेच्या कपाटात प्रतिकृती मांडायच्या. त्याचं टेंडर निघालं, ते मी घेतलं. कसं घेतलं ते सांगत नाही, पण दादरचे एक गृहस्थ माझ्या नावाने अजून बोटं मोडतात.

टेंडरमध्ये दोन अटी होत्या. प्रत्येक प्रतिकृतीच्या मागे बारीक अक्षरांत 'प्रतिकृती' असा शिक्का हवा. आणि सगळा संच देवस्थळी सरांनी मंजूर करून सही केल्याशिवाय बिल पास होणार नाही. पहिली अट मी वाचली. दुसरी वाचली, पण तिच्यात माणूस किती मावतो, ते कळलं नाही.

साचे घ्यायला मी आणि परसूभाई विद्यापीठात गेलो. परसूभाई म्हणजे पदकांचे ठसे, म्हणजे डाय, कोरणारे माझे कारागीर. सिंधी, वयाने माझ्या वडिलांएवढे, नखाएवढ्या जागेत गणपती कोरतील असा हात. पदकं घराबाहेर पडणार नाहीत, असं सरांनी फोनवरच बजावलं होतं. घर म्हणजे संग्रहाची खोली. तिथे प्रत्येक पदक साडीच्या कापडातून शिवलेल्या चिमुकल्या पिशवीत होतं. सर एकेक पिशवी सोडत आणि लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांची ओळख करून द्यावी, तशी ओळख करून देत.

"ह्या प्रधानबाई. इतिहास. ह्यांना हाताचा घाम सोसत नाही, रुमाल घ्या. हे चित्रे. कायदा. ह्यांना कडेने धरू नका."

परसूभाईंनी साच्याचं रबर ओतायला घेतलं, तर सर एकदम पुढे झुकले.

"गार लागेल का हो?"

"किसको, साईं?"

"चित्र्यांना."

परसूभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

पहिला माल तयार झाला तेव्हा मी स्वतः खूश होतो. या पदकांसाठी ज्या शेटजींनी जुन्या काळी देणगी दिली होती, त्यांचा पगडीवाला चेहरा पदकाच्या एका बाजूला असतो. हाताळून हाताळून बऱ्याच पदकांवरचं त्यांचं नाक सपाट झालं होतं. परसूभाईंनी जीव ओतून प्रत्येक शेटजींना नवं नाक बसवलं. ऑर्डरमध्ये नसलेलं काम आणि तेही फुकट. मी आयुष्यात फुकट दिलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. त्यात ही नाकं धरा.

सर आले. रुमालाने खुर्ची पुसली, पंखा बंद करायला लावला, डोळे मिटले. अंगठा शेटजींच्या चेहऱ्यावर येऊन थांबला.

"ह्यांना नाक कुठून आलं?"

"सर, झिजलं होतं. नीट करून दिलं."

"कोणाला विचारून?"

"त्यात विचारायचं काय? नाक सगळ्यांनाच असतं."

"ह्यांना नाही. नापास."

मग त्यांनी दुसरं उचललं. "प्रधानबाईंच्या सासूने पदकाला कडी लावून घेतली होती. पुतळ्यांच्या माळेत मधोमध ओवलं आणि सुनेचं शिक्षण गळ्यात घालून गावभर मिरवली. पुढे कडी काढली, पण डाग राहिला. तो डाग कुठाय?"

"डाग काढला, सर. डाग कोण ठेवतं?"

"आणि चित्रे. ह्यांच्या कडेला कानशीची खूण होती. घरात अडचण आली, पदक सोनाराकडे गेलं, सोनाराने कस बघायला कानस मारली, आणि ती मारताना बघून चित्रे पदक उचलून घरी आले. त्या घरातली एक अख्खी संध्याकाळ आहे ती, भोईर. तुम्ही ती बफिंगच्या मशीनवर पुसून टाकलीत."

माझं डोकं फिरलं. "ओ सर, मी पदकं बनवतोय की पंचनामा?"

"पंचनामा," सर म्हणाले. "अगदी बरोबर शब्द. तोच बनवा."

सगळे कामगार ऐकत होते. परसूभाईंचा चेहरा तर बघवत नव्हता. सर गेल्यावर ते कितीतरी वेळ हातातली शेटजींची नाकं बघत बसले. "साईं," ते म्हणाले, "पूरी जिंदगी में पहली बार किसी ने नाक वापस किया."

मी सरांना फोन करून सांगितलं, की झीज करायचे पैसे वेगळे पडतील. घासाघीस करायच्या पूर्ण तयारीनेच फोन लावला होता. कितीपर्यंत खाली यायचं, कुठे अडून बसायचं, कधी फोन आपटायचा, सगळं ठरलं होतं. सर म्हणाले, "पडू देत. झीज फुकट होत नाही," आणि फोन ठेवून दिला. मी रिसीव्हरकडे बघतच राहिलो. जो माणूस घासाघीस करत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्याला काहीतरी दुसरंच हवं असतं. हे मी धंद्यात शिकलोय आणि माझं गणित सहसा चुकत नाही.

मग कारखान्यात नाकं झिजवायचं काम सुरू झालं. यंत्रावर झिजवलेलं सरांना अंगठ्याने कळायचं, म्हणून हातानेच. चहाच्या सुट्टीत जो तो एका हातात कटिंग घेऊन दुसऱ्या हाताने शेटजींचं नाक चोळतोय. घरी टीव्ही बघताना माझी बायको चोळतेय. हळूहळू पदकं सुटू लागली. प्रधानबाई पास झाल्या, चित्रे पास झाले. 'पास' हा शब्द सर इतक्या हळू म्हणायचे, की पंखा बंद असल्याशिवाय ऐकू आला नसता.

शेवटी एकच राहिलं. कु. सुमती वैद्य, रसायनशास्त्र. कडेवर तसं कोरलेलं होतं. हे पदक काही केल्या सुटेना. बाकीच्या पदकांचा निकाल सर दुकानातच लावत, हे मात्र घरी घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी परत आणत. "नापास. ही हलकी आहे." किंवा "नापास. हिच्या पगडीची कड टोचते." बाकी सगळी पदकं 'ह्या' आणि 'हे', ही मात्र 'ही'. माझ्या ते लक्षात आलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. परत आलेल्या पदकाला दर वेळी डोकं दुखल्यावर लावायच्या बामचा वास यायचा.

"सर, लॉकरची तारीख जवळ आली. सही करा ना," मी म्हणालो. "बाकी सगळे पास झालेत."

"एका विषयात एटीकेटी आहे. सुटली की करतो."

आणि मग एका दुपारी सर आले, खुर्ची न पुसताच बसले. हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"काचेत ठेवायला ही ठीक आहे," ते म्हणाले. "पण मला अशी आणखी एक हवी. खासगी. पैसे मी देईन. वजन अस्सलाइतकं भरलं पाहिजे. वर सोन्याचा मुलामा जाड हवा, पितळेचा वास येता कामा नये."

"पदकाचा वास कोण घेतं, सर?"

"घेणारे घेतात. आणि मागे 'प्रतिकृती' शिक्का नको. लॉकरमध्ये अस्सल जायच्या आधी मिळालं पाहिजे."

मी वहीवर उगाच रेघा मारल्या. सर गेले आणि मी परसूभाईंकडे वळलो. त्यांनी आधीच कानाला हात लावले होते. "साईं, ये जेल का माल है."

सोन्याइतकं जड आणि सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त असं एकच काही मला माहीत आहे, टंगस्टन. त्याची चकती आत घालून वर मुलामा चढवला, तर हातात घेणाऱ्याला फरक कळत नाही. ही युक्ती मला कशी माहीत, ते विचारू नका. उल्हासनगरात धंदा करणाऱ्याला बऱ्याच गोष्टी माहीत असतात. त्या करायच्या नसतात, एवढंच. पण मी ती करायची ठरवली, कारण मला सरांना पकडायचं होतं. सरळ दिसत होतं. चाव्या ह्यांच्याकडे. अस्सल पदक पिशवीतून काढायचं, त्या जागी माझं ठेवायचं, आणि ते लॉकरमध्ये जाऊन बसलं की पुढची कित्येक वर्षं कोण बघायला जातंय? आणि ज्या दिवशी कोणी बघेल त्या दिवशी पोलीस कोणाच्या दुकानात येतील? पदक कोणी बनवलं? भोईरने. सगळ्यांच्या पदकांचा पंचनामा करणारा हा साधू, मला 'नापास' म्हणणारा, आणि मनात हे!

अंबरनाथच्या एमआयडीसीतून आम्ही चकती मिळवली. येताना परसूभाईंनी स्कूटर शिवमंदिराकडे घ्यायला लावली आणि देवासमोर इतका वेळ हात जोडून उभे राहिले, की मला वाटलं आता जामिनाचीच तयारी करून येतायत.

पदक तयार झालं. मी स्वतः बारा जणांच्या हातात दिलं असतं आणि बाराही जण फसले असते, इतकं चांगलं झालं. सर न्यायला आले. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"आता खरं बोला, सर. तुम्ही जे मागितलंय, तसंच्या तसं जगात एकाच माणसाला लागतं."

"कोणाला?"

"चोराला."

मागचं बफिंगचं मशीन कोणीतरी बंद केलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तर्क बिनचूक आहे," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी मार्क. मी तुमच्या जागी असतो, तर मीही हेच म्हणालो असतो."

"मार्क नकोत मला! उत्तर द्या."

"घरची गोष्ट आहे, भोईर. दुकानात बोलायची नाही."

"मग हा माल मी तुमच्या हातात देणार नाही. जिथे जायचाय तिथे मी स्वतः पोचवणार. नाहीतर आत्ता विद्यापीठात फोन लावतो."

सर उठले. वाकून शटरखालून बाहेर गेले. मला वाटलं, गेले. मग पुन्हा वाकून आत डोकावले.

"उद्या दुपारी या. बदलापूर गावात राहतो. पण एक करा. हा आवाज दुकानातच ठेवून या."

मी तयारीनेच निघालो. वकिली करणाऱ्या मेहुण्याला फोन करून ठेवला, मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू कसं करतात ते मुलीकडून शिकून घेतलं. पदक खिशात होतं आणि चालताना मांडीवर आपटत होतं. दुपारची वेळ, वीज गेलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. एका लहान इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. सरांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आत गेल्याबरोबर मला तो वास आला. बामचा.

खिडकीशी खाटेवर एक बाई बसल्या होत्या. पांढरे केस नीट विंचरलेले, साडी चापूनचोपून नेसवलेली. डोळे उघडे होते पण आमच्याकडे वळले नाहीत, खिडकीकडेही नव्हते. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर साडीच्या कापडाचे तुकडे. त्या कापडातून शिवलेल्या पिशव्या मी विद्यापीठात बघितल्या होत्या.

"कोण आलं?" बाईंनी विचारलं.

"मी आहे गं."

"विकलंत ना?"

"नाही. विकलं नाही."

"विकलंत. कोपऱ्यावरच्या सोनाराला विकलंत, मला ठाऊक आहे. लाज नाही वाटली? रात्र रात्र जागून मिळवलं होतं मी ते. तुम्हाला त्याची कधी किंमतच नव्हती."

सर उभे होते, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखे. हा माणूस. दुसऱ्यांच्या पदकावरची कानशीची खूण पुसली म्हणून ज्याने मला नापास केलं, तो.

"रोज?" मी हळूच विचारलं.

"जागी असते तेव्हा," सर तितक्याच हळू म्हणाले. "ही अंबरनाथच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. दिसायचं बंद झालं, तोवर ठीक होतं. मग विसरायला लागली. संग्रहाचं काम सुरू केलं तेव्हा मी दारोदार फिरायचो. पदकं द्या, पदकं द्या. एकही घर देईना. तेव्हा हिने आपलं काढून दिलं. ते बघून बाकीची आली. पिशव्याही हिनेच शिवल्या. आता दिल्याचं आठवत नाही. मिळालेलं आठवतं."

"मग?"

"महिन्यातून एखाद्या वेळी टॅक्सी करून विद्यापीठात न्यायचो. पिशवीतून काढून हातात द्यायचो. मग चार दिवस शांत असायची. आता लॉकरमध्ये गेलं की तेही संपलं. तुमचे नमुने आणून दिले, तर फेकून द्यायची. हे माझं नाही म्हणायची."

म्हणजे मला नापास करणारे सर नव्हतेच.

मी चोर पकडायला आलो होतो. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "सर, चाव्या तुमच्याकडे आहेत. खरंच आणून द्यायचं होतं ना एकदा घरी! कोणाला कळणार होतं?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी घाण बोललो होतो.

"ते आता विद्यापीठाचं आहे, भोईर."

त्यांनी हात पुढे केला. मी खिशातून पदक काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते त्यांनी स्वतःच्या सदऱ्याला पुसलं आणि बाईंच्या मुठीत दिलं.

बाईंनी आधी नुसतं तोललं. एकदा या हातात, एकदा त्या हातात. मग अंगठा फिरवायला सुरुवात केली. मान जराशी वर. हुबेहूब तसंच. आता मला कळलं, की सर दुकानात डोळे का मिटतात. अंगठा पगडीवरून खाली आला, कपाळावर आला, नाक होतं तिथे आला. तिथे थांबला. मी माझ्या आयुष्यात मोठमोठ्या सौद्यांना बसलोय, पण अशी निकालाची वाट कधी बघितली नव्हती. बाईंनी पदक नाकाशी नेलं आणि वास घेतला. आम्ही दोघेही श्वास धरून उभे. सरांनी माझं मनगट कधी पकडलं होतं, मला कळलंच नव्हतं.

"कुठे होतं इतके दिवस?" बाई म्हणाल्या.

"पॉलिशला दिलं होतं," सर म्हणाले.

"पॉलिशला?" बाईंचा आवाज चढला. "नाक घालवलं नाही ना त्या मेल्याने?"

"नाही घालवलं," मी मध्येच बोललो. राहवलं नाही.

"हा कोण?"

"मी... भोईर."

"भोईर." बाई आठवू लागल्या. पदक दोन्ही मुठींत घट्ट होतं. "आवाज लक्षात नाही. कुठल्या वर्गातला तू?"

आता काय सांगायचं? शाळेचा माझा शेवटचा वर्ग मला एकच माहीत होता. "दहावी," मी म्हणालो.

"पास झालास का?"

मी दिवसभरात शेकडो वेळा खोटं बोलतो. 'बाई, खरेदीलाच परवडत नाही', 'साहेब, तुमच्यासाठी म्हणून हा रेट', असं श्वास घेतल्यासारखं बोलतो. पण त्या बाईंपुढे तोंडच उघडेना. सर माझ्याकडे बघत होते.

"झाला," सर म्हणाले. "फर्स्ट क्लास."

"मग असा रिकाम्या हाताने आलास? पेढे कुठायत?"

आम्ही बाहेर ओट्यावर आलो. मागे बाई पदकाशी काहीतरी पुटपुटत होत्या, भांडत नव्हत्या. सरांनी माझ्याकडून मंजुरीचा कागद मागितला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. एवढे दिवस या सहीसाठी मी त्यांच्या नावाने शिव्या घातल्या होत्या. आता ती खिशात घालताना काही वाटेना, याचाच मला राग आला.

"सर, आत तुम्ही दोनदा खोटं बोललात," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"एकदा," सर म्हणाले. "पॉलिशचं. दुसरं खोटं नव्हतं. हिचा निकाल आहे तो, मी फक्त वाचून दाखवला."

मी चपला पायात सरकवल्या.

"भोईर, तो 'प्रतिकृती'चा शिक्का मारायचा पंच टाकून देऊ नका."

"का? अजून कोण राहिलंय?"

"हेच. ही आहे तोवर असू दे हिच्याजवळ असंच. हिच्यानंतर मी ते तुमच्याकडे घेऊन येईन. मागे शिक्का मारून द्या." त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "बिनशिक्क्याचं पदक मागे राहता कामा नये. उद्या कोणीतरी अस्सल समजेल."

दुसऱ्या दिवशी मी पेढे पोचवले. बिलात लावले नाहीत. परसूभाईंनी कारण विचारलं, तर मी त्यांच्यावरच खेकसलो.

आता लॉकर बंद झाला, कपाटात प्रतिकृती लागल्या, माझं बिलही निघालं. सरांचं माझ्या दुकानात काही काम उरलेलं नाही. तरी ते येतात. शेजारीण बाईंजवळ बसते तेवढ्या वेळात येतात, खुर्ची पुसतात आणि कपाटातली कुठलीही ट्रॉफी उचलून अंगठा फिरवतात. परवा एका दहीहंडीच्या ट्रॉफीला, "वरचा गोविंदा पडणार, त्याचा पाय नीट टेकलेला नाही. नापास," असं म्हणाले. आमचं कडाक्याचं भांडण झालं. या माणसाने माझं डोकं खाल्लंय, हे माझं मत आजही कायम आहे.

पंच मी गल्ल्याच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय. सर दुकानात शिरले, की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघतो. हात रिकामे असले, की मी स्वतः उठून पंखा बंद करतो.